मुलाने फोन लावून दिला आणि आता काहीच सापडत नाही

पत्र

मी ५३ वर्षांची, कोथरूडला राहणारी शिक्षिका. शाळा मंडईजवळ आहे, त्यामुळे रोज वनाजहून मेट्रो. घरी ७९ वर्षांच्या सासूबाई, यजमान चाकणला नोकरीला, मुलगा बंगळुरूला. दिवाळीत मुलगा आला तेव्हा त्याने माझा फोन नीट लावून दिला. सगळी ॲप्स फोल्डरमध्ये घातली आणि फोल्डरना ‘फायनान्स’, ‘ट्रॅव्हल’, ‘युटिलिटी’ अशी नावं दिली. फोन दिसतो छान, पण तेव्हापासून मला काही सापडत नाही. परवा मेट्रोच्या गेटवर तिकीट उघडेना. मागे रांग. एक मुलगा म्हणाला, “काकू, जरा बाजूला होता का?” आणि मला एकदम रडू आलं. सासूबाईंच्या गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप दोनदा वाजलंच नाही. आवरताना वीजबिलाचं ॲप चुकून उडालं. मोजली तर १३७ ॲप्स निघाली. मी अडाणी नाही, शाळेचे सगळे निकाल संगणकावर मीच करते. मग हे का जमत नाही? कोणती ॲप्स ठेवू, कोणती काढू, आणि कशी लावू?

ता. क. – एक जुनं रेकॉर्डिंगचं ॲप आहे. आता वापरत नाही, पण त्यात माझ्या वडिलांचा आवाज आहे. ते २०१९ मध्ये गेले. ॲप काढलं तर चालेल का?

उत्तर

ताई, तुमच्या ता. क.चं उत्तर शेवटी सविस्तर देते. तोवर त्या ॲपला हात लावू नका. बाकी सगळा फोन विस्कटला तरी पुन्हा लावता येईल, ते एक मात्र आहे तिथेच राहू द्या.

आता गेटवरच्या त्या प्रसंगाबद्दल. आपण चार दिवस माहेरी जाऊन येतो आणि तेवढ्यात घरातलं कुणीतरी मायेने स्वयंपाकघर आवरून ठेवतं. डबे उंचीप्रमाणे, झाकणं सगळी एका खणात, स्टील एकीकडे आणि काच दुसरीकडे. बघायला फार सुरेख. मग आपण फोडणीला तेल ठेवतो, हात सवयीने मोहरीकडे जातो, आणि तिथे मोहरी नसते. तेल तापून धूर यायला लागतो तेव्हा आपण तीन खण उघडून बसलेले असतो. गेटवर तुमचं हेच झालं. त्यात अडाणीपणाचा प्रश्नच कुठे येतो? वर्षानुवर्षं तुमच्या बोटांना ॲप्सच्या जागा पाठ होत्या, त्या एका दुपारीत बदलल्या.

तुमच्या मुलाने ॲप्स लावली ती जातीप्रमाणे. पैशांची पैशांत, प्रवासाची प्रवासात. त्याच्या डोक्यात ते बरोबरच आहे. पण मिसळणाचा डबा आठवा. हळद, तिखट, मोहरी, जिरं, हिंग, धणे-जिरे पूड. यातलं कुणी कंद, कुणी फळ, कुणी बी, कुणी झाडाचा डिंक. ते एका डब्यात बसतात ते केवळ रोज, एकाच वेळी, गॅससमोर उभं राहून लागतात म्हणून. तमालपत्र फडताळात मागे असतं आणि पुरणयंत्र माळ्यावर. दोन्ही घरात हवीतच, पण कुणी पुरणयंत्र ओट्यावर ठेवत नाही. फोनही असाच लावायचा. कोणतं ॲप कशाचं आहे हे बाजूला ठेवा, ते तुम्हाला केव्हा आणि कुठे उभं असताना लागतं ते बघा.

त्यासाठी आधी फोनला हात न लावता एक पाठकोरा कागद घ्या. तीन दिवस तो पर्समध्ये ठेवा, सलग नसले तरी चालतील. त्यात एक गुरुवार आणि एक रविवार येऊ द्या, कारण पुण्यात पाणी बंद असण्याचा दिवस बहुतेक वेळा गुरुवारच असतो आणि त्या दिवशी सगळ्या सोसायटीचा जीव फोनमध्ये अडकलेला असतो. फोन कामासाठी बाहेर काढला की एक ओळ लिहायची: वेळ, जागा, काम. शिवाय दुसरा हात मोकळा होता का, तेही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. एका हातात भाजीची पिशवी असताना लागणारं ॲप आणि रात्री पलंगावर बसून उघडायचं ॲप यांची जागा एक असूच शकत नाही. मी हे केलं तेव्हा माझ्या फोनमध्ये ९० ॲप्स होती आणि कागदावर तीन दिवसांत आली ती ११. तुमचीही बारा-पंधराच्या पुढे जातील असं वाटत नाही.

मग रविवारी दुपारी निवांत बसा आणि पहिलं पान रिकामं करा. इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण वीजबिलाचं ॲप बहुधा याच घोळात गेलं. चिन्हावर बोट दाबून धरलं की दोन वेगळे शब्द दिसतात. ‘काढा’ म्हणजे या पानावरून काढा, ॲप फोनमध्ये राहतं. ‘अनइंस्टॉल’ म्हणजे फोनमधूनच घालवा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये सगळ्या ॲप्सचा वेगळा खण नसतो, जे आहे ते समोरच्या पानांवरच मांडलेलं असतं. तुमचा फोन तसा असेल तर चिन्ह काढणं म्हणजे ॲपच काढणं. म्हणून आधी पान वरच्या दिशेने सरकवून बघा. सगळ्या ॲप्सची यादी वर आली तर निर्धास्त व्हा. नाही आली तर नको ती ॲप्स नुसती शेवटच्या पानावर ढकला. आणि महावितरणचं ॲप गेलं म्हणून हळहळू नका. तुमची माहिती त्यांच्याकडे १२ आकडी ग्राहक क्रमांकावर आहे, ॲप पुन्हा घेतलं की सगळं परत दिसेल. खरं तर महिन्यातून एकदाच बिल भरायचं असेल तर तोच क्रमांक पैसे देण्याच्या ॲपमध्ये घालूनही भरता येतं. मीटरचं रीडिंग पाठवायचं असेल किंवा वीज गेल्याची तक्रार करायची असेल तरच वेगळं ॲप घ्या.

रिकाम्या पानावर आता कागदावरची ॲप्स मांडायची. सगळ्यात खालची ओळ पान बदललं तरी जागची हलत नाही, आणि अंगठा सहज पोहोचतो तोही तिथेच. एका हाताने लागणारी चार तिथे. बहुतेक घरांत ती फोन, व्हॉट्सॲप, पैसे देण्याचं ॲप आणि कॅमेरा अशी निघतात, पण तुमचा कागद वेगळं सांगत असेल तर कागदाचं ऐका. त्याच्या वर दिवसाच्या क्रमाने लावा. सकाळचं वर, संध्याकाळचं खाली. फोल्डर करायचेच असतील तर नावं मराठीत द्या, आणि ती तुमची असू द्या: ‘शाळा’, ‘बाजार’, ‘आई’. सासूबाईंच्या गोळ्यांची यादी, त्यांच्या डॉक्टरांचा नंबर, औषधवाल्याचं ॲप, सगळं ‘आई’मध्ये. ‘युटिलिटी’ हा शब्द तुम्ही मनात कधी उच्चारता तरी का? मग तो तुमच्या फोनवर कशाला?

मेट्रोसाठी मात्र मी तुम्हाला ॲप सुचवणारच नाही. तुम्ही रोज ठरलेल्या दोन स्टेशनांच्या मध्ये जाता, जिल्हा न्यायालयला उतरून गाडी बदलता आणि मंडईला बाहेर पडता. रोजच्या माणसाने कार्ड घ्यावं. ‘एक पुणे कार्ड’ गेटवर टेकवलं की झालं, नेट नको, बॅटरी नको, पासवर्ड नको. कार्डात पैसे भरायला आठवड्यातून एकदा बसून ॲप उघडा, गेटवर उभं राहून नको. तिकिटाचं ॲप ज्या दिवशी बहीण सोबत असेल किंवा कार्ड घरी राहिलं असेल त्या दिवसासाठी दुसऱ्या पानावर ठेवा. बसचं वेगळं आहे. ‘आपली पीएमपीएमएल’ ॲपमध्ये बस कुठवर आली ते दिसतं आणि तिकीटही निघतं, त्यामुळे शाळा सुटल्यावर मेट्रोऐवजी बस घ्यायची असेल तर ते उपयोगी. तुमच्या कागदावर बस आली तर पहिल्या पानावर, नाही तर मागे.

पैशांच्या ॲप्सवर जरा थांबते, कारण १३७ मधली पाच-सहा तरी त्यातली असणार. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. त्यानंतर एकेक नवं ॲप कॅशबॅकचं आमंत्रण घेऊन आलं, आपण पन्नास रुपयांसाठी घेतलं, आणि ते मग फोनमध्येच मुक्कामाला राहिलं. दोन पुरतात. एक रोजचं, खालच्या ओळीत. दुसरं अडीनडीचं, आणि ते दुसऱ्या बँकेच्या खात्याला जोडलेलं. दोन्ही ॲप्सना एकच खातं जोडून ठेवण्यात काही अर्थ नाही. दुकानात पैसे अडकतात तेव्हा पुष्कळदा बँकेचा सर्व्हर बसलेला असतो, आणि ॲप बदललं तरी बँक तीच राहते.

उरलेली काढताना घाई नको. आधी त्या ॲपच्या आत जाऊन बँक खातं काढायचं, वॉलेटमध्ये पैसे राहिलेत का बघायचं, आणि ऑटो-पेमध्ये एखादा विम्याचा हप्ता किंवा सबस्क्रिप्शन लावलेलं नाही ना याची खात्री करायची. मगच अनइंस्टॉल.

मंडईत भाजीसाठी दर वेळी पिन टाकायचा कंटाळा येत असेल तर रोजच्या ॲपमध्ये यूपीआय लाइट सुरू करा. बँकेतून थोडी रक्कम त्यात काढून ठेवायची, जास्तीत जास्त ५,००० रुपये. मग १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो, आणि कोथिंबिरीच्या दहा रुपयांची नोंद बँकेच्या पासबुकात येत नाही. पदराला बांधलेल्या सुट्ट्या पैशांसारखं आहे ते. ही रक्कम त्या फोनमधल्या त्या ॲपपुरती असते, म्हणून फोन बदलण्याआधी ती खात्यात परत टाकायला विसरू नका. आणि एक गोष्ट सासूबाईंनाही सांगून ठेवा: पिन लागतो तो पैसे देताना. पैसे मिळवण्यासाठी पिन टाका असं कुणी म्हणालं तर तो माणूस चोर आहे.

गोळ्यांबद्दल तुमच्या पत्रात एकच ओळ होती, पण माझ्या मते सगळ्यात काळजीची बाब तीच. ते ॲप वाजलं नाही यात तुमची चूक नसावी. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चालणाऱ्या ॲप्सना झोपवून ठेवतो. शिवाय एखादं ॲप काही महिने उघडलंच नाही तर अँड्रॉइड त्याच्या परवानग्या काढून घेतो आणि त्याची नोटिफिकेशन्सही थांबवतो. तुम्ही सासूबाईंना गोळी दिलीत पण ॲप उघडलं नाहीत, म्हणजे फोनच्या दृष्टीने ते ॲप पडूनच होतं. हे सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं. तरीही ७९ वर्षांच्या बाईंची रक्तदाबाची गोळी मी अशा ॲपच्या भरवशावर ठेवणार नाही. फोनमधलं साधं घड्याळ घ्या. सकाळी ८, दुपारी २, रात्री ९ असे अलार्म लावा, रोज वाजणारे, आणि प्रत्येकाला नाव द्या: ‘आई – जेवणाआधी – पांढरी छोटी’. फोन सायलेंटवर असला तरी घड्याळाचा अलार्म सहसा वाजतोच, फक्त अलार्मचा आवाज शून्यावर नाही ना तेवढं बघा.

तुम्ही दुपारी शाळेत असता, तेव्हा २ चा अलार्म तुमच्या फोनवर वाजून काय उपयोग? तो सासूबाईंच्या फोनवर लावा, त्यांच्या आवडीच्या गाण्याचा. तुमच्या फोनवर अडीचचा लावा, ‘आईंना फोन’ या नावाने. गोळी घेतली का हे विचारायला दोन मिनिटं लागतात आणि त्या दिवसभर घरी एकट्या असतात, त्यांनाही बरं वाटेल. त्यांच्या फोनवर पाच चिन्हांपलीकडे काही ठेवू नका, अक्षर मोठं करून द्या. आकाशवाणी ऐकायची सवय असेल तर प्रसार भारतीचं ‘न्यूजऑनएअर’ घालून द्या, त्यावर पुणे केंद्र लागतं. संकष्टीच्या चंद्रोदयासाठी ॲप नको. भिंतीवरचं कॅलेंडर आहे की.

नोटिफिकेशन्स हा पुढचा पसारा. १३७ ॲप्सपैकी निम्म्यांनी जरी दिवसातून एकदा हाक मारली तरी खरी हाक त्यात बुडते. एकेक ॲप शोधत बसू नका. पुढचा आठवडाभर, नको असलेलं नोटिफिकेशन आलं की ते सरकवून टाकण्याऐवजी त्यावर बोट दाबून धरा आणि तिथेच बंद करा. अँड्रॉइडमध्ये २०१७ पासून एकाच ॲपच्या वेगवेगळ्या प्रकारच्या सूचना स्वतंत्रपणे बंद करता येतात. म्हणजे बँकेच्या ॲपचं ‘ऑफर’ बंद आणि ‘व्यवहार’ चालू, असं जमतं. बँकेचं नोटिफिकेशन सरसकट कधीच बंद करू नका. खात्यातून पैसे गेल्याचं पहिलं कळतं ते तिथूनच.

व्हॉट्सॲपमध्ये यजमान, मुलगा आणि सोसायटीचा ग्रुप असे तीन वर पिन करा. सोसायटीचा का, तर टँकर कधी येणार ते तिथेच कळतं. शाळेच्या ग्रुपचा आवाज शाळेच्या वेळेत चालू असू द्या. सुप्रभात पाठवणारे ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. ग्रुप सोडल्याचा बोभाटा होत नाही, आत्याबाई दुखावत नाहीत, आणि दिवाळीला त्यांना फोन करायला तुम्ही मोकळ्या. फोटो आपोआप उतरवून घेणं तेवढं बंद करा. फोन भरतो तो बहुधा यानेच, ॲप्सचा दोष त्यात कमी असतो.

आता कागदपत्रं, आणि इथे माझा स्वतःचा अनुभव सांगते. मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराला माझ्या नवऱ्याला छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलच्या काउंटरवर विमा पॉलिसीचं कार्ड मागितलं. ते विमा कंपनीच्या ॲपमध्ये होतं, आणि ॲप माझ्या फोनमध्ये होतं, याचं मला त्या क्षणापर्यंत समाधान वाटत होतं. ॲप उघडलं तर ते म्हणालं, अपडेट करा. तळमजल्यावर नेट धड नव्हतं. अपडेट झालं तर म्हणालं, ओटीपी टाका. ओटीपी गेला नवऱ्याच्या नंबरवर आणि त्याचा फोन राहिला घरी, उशाजवळ चार्जिंगला. शेजाऱ्यांना उठवून, घराची किल्ली कुठल्या कुंडीखाली आहे ते सांगून, त्यांच्याकडून ओटीपी वाचून घेतला तेव्हा सव्वा वाजला होता. नवरा सुखरूप आहे. पण आत त्याला सलाइन लावत होते आणि मी बाहेर एका चक्राकार फिरणाऱ्या चिन्हाकडे बघत उभी होते, ते मी विसरू शकत नाही.

म्हणून आता आमच्याकडे अडचणीच्या वेळी लागणारी कोणतीही गोष्ट फक्त ॲपच्या आत राहत नाही. पॉलिसी कार्डचा फोटो, चालू औषधांची चिठ्ठी, रक्तगट, ॲलर्जी, हे व्हॉट्सॲपवर मी स्वतःलाच पाठवून ठेवलंय. स्वतःला मेसेज करता येतो, स्वतःचंच नाव शोधायचं. आणि त्याचीच एक छापील प्रत पर्सच्या आतल्या कप्प्यात. पिन, पासवर्ड मात्र असे कुठेही ठेवायचे नाहीत. सासूबाईंची आणि यजमानांची माहिती तुम्ही याच आठवड्यात अशी करून ठेवा. पहिलं पान लागेल तेव्हा लागेल, पण हे थांबवू नका.

गाडीच्या कागदांसाठी डिजिलॉकर. २०१५ पासूनचं हे सरकारी ॲप आहे आणि त्यात आलेलं लायसन्स आणि आरसी वाहतूक पोलिसांना मूळ कागदाप्रमाणेच चालतं. गॅलरीत काढून ठेवलेल्या लायसन्सच्या फोटोला ती किंमत नाही. बरेच जण इथे चुकतात आणि चौकात वाद घालत बसतात. यजमान चाकणला गाडीने जात असतील तर त्यांच्या फोनमध्ये हे असू द्या. रोज लागत नाही म्हणून दुसऱ्या पानावर, पण पासवर्ड आठवतोय ना हे महिन्यातून एकदा उघडून बघा.

माझ्या आवडीचं एक ॲप विचारलंत तर मी गुगल कीप सांगेन. किराण्याची यादी त्यात आहे आणि ती मी नवऱ्याशी शेअर केलीय. मी ओट्याशी उभी राहून माइकचं बटण दाबून मराठीत बोलते, “पाव किलो शेंगदाणे, हिंग, तुरीची डाळ”, आणि तो घरी येताना दुकानात उभा राहून एकेकावर खूण करत जातो. तो ‘हिंग’ खोडतो ते मला घरी दिसतं. तुमच्याकडेही चाकणहून येणाऱ्या माणसाला रस्त्यात थांबून “आणखी काही आणायचंय का” असा फोन करायला लागणार नाही. लहानशी गोष्ट आहे, पण आमच्या संध्याकाळी यामुळे खरंच शांत झाल्या.

उरलेल्या शंभरेक ॲप्सचं काय? एका दिवसात काढू नका. रोज रात्री पाच बघा. प्ले स्टोअरमध्ये न वापरलेल्या ॲप्सची यादी मिळते, तिथून सुरुवात करा. एखाद्याबद्दल मन होत नसेल तर ‘अर्काइव्ह’ करा, चिन्ह आणि तुमची माहिती राहते, जागा मोकळी होते. ज्याचं नावही ओळखू येत नाही आणि जे प्ले स्टोअरवरून आलेलं नाही, ते मात्र लगेच काढा. हल्ली लग्नपत्रिका म्हणून, वाहतुकीचं ई-चलान म्हणून व्हॉट्सॲपवर फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. ती पत्रिका नव्हे, ते ॲप असतं, आणि ते आत शिरलं की तुमचे मेसेज आणि त्यातले ओटीपी वाचू शकतं. ओळखीच्या माणसाकडून आलं तरी उघडायचं नाही, कारण बहुधा त्याचाही फोन असाच कुणाच्या हातात गेलेला असतो. चुकून उघडलं गेलं आणि पैसे गेले तर लाजत बसू नका, तासाभराच्या आत १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा.

मुलाला यातलं काय सांगायचं, हा तुमच्या पत्रात न विचारलेला प्रश्न मला दिसला. त्याला सांगा की तू लावलेला फोन मला वापरता येत नव्हता. लपवू नका. त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिलात तर पुढच्या दिवाळीत तो पुन्हा मायेने आवरून देईल. या वेळी मात्र फोन तुमच्या हातात राहू दे आणि तो शेजारी बसू दे. “इथे दाब” असं तो सांगेल, तुम्ही दाबा. तुमच्या वर्गातल्या मुलाची वही तुम्ही हातात घेऊन गणित सोडवून देत नाही, चूक झाली तरी पेन्सिल त्याच्याच हातात ठेवता. त्याला हे लगेच पटेल, शिक्षिकेचा मुलगा आहे तो.

आता वडिलांचा आवाज.

काही ॲप्स आपल्या फाइल्स फोनच्या सगळ्यांसाठी असलेल्या जागेत ठेवतात आणि काही स्वतःच्या आतल्या कप्प्यात. दुसऱ्या प्रकारचं ॲप काढलं की त्याच्याबरोबर त्या फाइल्सही जातात, आणि परत मिळत नाहीत. तुमचं जुनं ॲप कोणत्या प्रकारचं आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून असं करा. ॲप उघडा, वडिलांच्या रेकॉर्डिंगवर बोट दाबून धरा आणि ‘शेअर’ निवडा. पहिली प्रत स्वतःच्या ईमेलवर पाठवा, फाइल मोठी असेल तर गुगल ड्राइव्हवर. दुसरी मुलाला. व्हॉट्सॲपने पाठवलीत तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तिसरी एका पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत. फाइलच्या नावात आकडे असतील तर बदला, ‘बाबा’ लिहा, कुठे आणि कधी रेकॉर्ड केलं ते लिहा. एकापेक्षा जास्त रेकॉर्डिंग्ज असतील तर प्रत्येकाचं असंच.

मग मुलाला म्हणा, तुझ्या फोनवर लाव आणि मला ऐकव. फोनवरून, बंगळुरूहून. सुरुवातीचे चार शब्द ऐकून थांबू नका, शेवटपर्यंत ऐका, मध्ये कुठे तुटलेलं नाही ना ते बघा. तिकडे नीट ऐकू आलं, ड्राइव्हवरचं उघडलं आणि पेनड्राइव्हवरचंही वाजलं, की ॲप काढायला हरकत नाही. आणि तरीही काढावंसं वाटलं नाही तर राहू द्या, ताई. १३७ मधलं ते एक काही जड नाही.